भाव वाढतोय, टाळ्या वाजवा!

"परदेशी चलन घेणं म्हणजे काय डोंगर उचलायचाय? माझ्यावर सोपवा आणि निश्चिंत राहा!" असं पंपसाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि घरातल्या तिन्ही बायका खरोखरच निश्चिंत झाल्या. इथेच तर घोडं पेंड खातं!

पंपसाहेब म्हणजे पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे विक्रीप्रमुख. माणूस सज्जन, पण उभा जन्म भिंतीवरच्या आलेखाकडे बघण्यात गेलेला. आलेखातली रेघ वर गेली की स्वारी खूश, खाली आली की घरचं जेवण अळणी! लग्नानंतर बायकोला फिरायला न्यायचं होतं, तेही या रेघेपायीच राहून गेलं. त्या वर्षी विक्री पडली होती. मग पुढच्या वर्षी नक्की, मग त्याच्या पुढच्या वर्षी नक्की, असं करत करत मुलगी कॉलेजात गेली.

शेवटी एकदाचा परदेशवारीचा बेत ठरला. बायको शाळेत शिकवायची. तिनं मागून मागितलं ते एकच. "मला खरेदी नको, काही नको. सकाळी डोळे उघडले की खिडकीत समुद्र दिसला पाहिजे. एवढं कराल ना?"

"म्हणजे काय! समुद्र तुझ्या उशाशी आणून ठेवतो!"

आणि साहेबांनी खरंच समुद्राकडच्या खोल्या ठरवल्या. पैसे तिथे पोचल्यावर, तिथल्या चलनात द्यायचे होते.

"मग चलन आत्ताच घेऊन टाका ना," बायको म्हणाली.

"अगं, घाई केली की घात होतो! भाव वाढतोय बघ," साहेबांनी फोनमधला आलेख दाखवला. रेघ अशी चढत होती, की यांच्या पंपानंही इतकं पाणी कधी चढवलं नसेल!

"वाढला तर आपल्याला चांगलं का?"

"वाढलेलं कधी वाईट असतं का?"

"वजन!" मुलगी म्हणाली.

"रक्तदाब," सासूबाई पुटपुटल्या. त्या सहलीला बरोबर येणार होत्या आणि गोळ्यांचा डबा आतापासूनच भरत होत्या.

साहेब नुसते हसले. मग रोज सकाळी घरच्या ग्रुपवर संदेश यायला लागला, "आजही वाढला! टाळ्या!" बायको टाळ्या वाजवी, मुलगी टाळ्या वाजवी, सासूबाई हात जोडलेलं चित्र पाठवत. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकल्यासवरल्या घरात कुणालाच कसं कळलं नाही? अहो, घरातला कर्ता माणूस रोज इतका आनंदी दिसत असेल, तर त्याच्या आनंदावर पाणी कोण ओतणार!

निघायला थोडे दिवस उरले, तसे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून चलन बदलून देणाऱ्या दुकानात गेले. मागे ही रांग.

"काय, भाव आणखी चढेल ना? नाहीतर चार दिवसांनी येतो," साहेबांनी काचेमागच्या बाईला विचारलं.

"विकायचंय का तुम्हाला?"

"छे छे, घ्यायचंय."

बाईनं मान वर केली. "घ्यायचंय? मग चढायची वाट कशाला बघताय? चढला म्हणजे महाग झाला ना! महिन्यापूर्वी आला असतात तर किती स्वस्त पडलं असतं!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान तापले. महिनाभर आपण आपल्याच नुकसानीला टाळ्या वाजवल्या, आणि घरच्यांनाही वाजवायला लावल्या!

"ठाऊक आहे हो मला. तुम्हाला ठाऊक आहे का ते बघत होतो," असं म्हणून त्यांनी रिकाम्या हातानं काढता पाय घेतला.

मग भाव उतरायची वाट बघितली. पण भाव कसला ऐकतोय! तो आणखी चढला. अखेर निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मुकाट्यानं जाऊन चलन घेतलं. ठरवलेले सगळे पैसे गेले आणि हातात आलं ते चलन समुद्राकडच्या खोल्यांना पुरेना.

घरी सांगायचं? छे, जीभच रेटेना! साहेब कंपनीच्या गोदामात गेले, पंपांच्या खोक्यांआड उभे राहिले आणि हळू आवाजात हॉटेलला फोन केला. "खोल्या बदलून द्या. स्वस्तातल्या द्या." पण विक्रीप्रमुख स्वतःच्या तोंडानं 'परवडत नाही' कसं म्हणणार? म्हणून जोडून दिलं, "त्याचं काय आहे, आमच्या हिला लाटांचा आवाज सोसत नाही."

झालं! सगळे हॉटेलात पोचले. खोलीत शिरल्या शिरल्या बायको थेट खिडकीशी धावली आणि तिनं पडदा सर्रकन ओढला. समोर ओलसर भिंत, आणि भिंतीशी धडधडणारा पाण्याचा पंप!

काहीतरी बोलायला हवं म्हणून साहेब म्हणाले, "बेअरिंग गेलंय त्याचं."

"खड्ड्यात गेलं ते बेअरिंग! समुद्र कुठाय?"

अजूनही कबूल करायची वेळ गेली नव्हती. पण साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "फसवलं गं आपल्याला!"

"तुम्हाला फसवलं? तुम्हाला?" बायकोनं पदर खोचला. "चला खाली! भिडस्त आहात तुम्ही, तुम्ही बोलूच नका. मी बघते!"

"अगं, जाऊ दे..."

"जाऊ कसं दे!"

खाली काउंटरवरच्या तरुणाला तिनं वर्गातल्या वात्रट पोराला घ्यावं तसं फैलावर घेतलं. "माझ्या नवऱ्यानं महिनाभर खपून हे सगळं जमवलंय! साधा माणूस बघून लुबाडता? अहो, इतक्या वर्षांत एकदा खोटं बोलले नाहीत ते माझ्याशी!"

साहेबांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती भांडत होती त्याचं काही नव्हतं, ती त्यांच्या बाजूनं भांडत होती! एकेक शब्द कानफटात बसावा तसा बसत होता.

तरुण बिचारा गोंधळला. "पण बाई, साहेबांनीच फोन केला होता. तुम्हाला लाटांचा आवाज सोसत नाही म्हणाले. म्हणून मी मुद्दाम समुद्रापासून सगळ्यात लांबच्या खोल्या शोधून दिल्या." आणि मग फार आपुलकीनं त्यानं विचारलं, "आता आवाज येत नाही ना?"

बायकोनं वळून नवऱ्याकडे बघितलं. साहेबांनी मान खाली घातली आणि तिथेच, सामान वाहणाऱ्या माणसांसमोर, अथपासून इतिपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बाबा, आपण रोज टाळ्या वाजवत होतो ते..." मुलगी म्हणाली.

"हो. चलन महागतंय म्हणून."

"मला आलाच होता वास," सासूबाई म्हणाल्या. "पण जावयाला कोण शिकवणार!"

बायको हळूच म्हणाली, "महाग पडलं, असं सांगितलं असतंत तर मी पंपाकडे बघत आठवडा काढला असता. पण तुम्ही मला या पोराशी भांडायला लावलंत. आधी माफी मागा त्याची."

साहेबांनी मागितली. दोन्ही हात जोडून मागितली. मग चाचरत विचारलं, की जेवणाखाणात काटकसर केली तर एखादी रात्र तरी समुद्राकडची खोली मिळेल का? तरुण ओशाळला. खोल्या सगळ्या भरल्या होत्या. यांच्या आधीच्या तर फोन आला त्याच दिवशी दुसऱ्यांनी घेतल्या होत्या.

"चला," बायको म्हणाली. "समुद्र काही खिडकीत भरून ठेवलेला नाही. बाहेर आहे. फुकट आहे."

किनाऱ्यावरच्या एका बाकावर चौघं दाटीवाटीनं बसली. समोर अथांग पाणी. बायको बघत राहिली. साहेब बाकाच्या अगदी टोकाला, अर्धे हवेत, अंग चोरून बसले होते. एवढ्यात खिशातला फोन किणकिणला. त्यांनी बघितलं आणि टुणकन उठले.

"पडला! भाव धाडकन पडला!" त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा!" समुद्रावरची नजर न काढता बायको म्हणाली. "हसायचं की रडायचं, ते आधी पोरीला विचारा."

साहेबांनी हात तसेच हवेत ठेवले आणि मुलीकडे बघितलं.

"रडा, बाबा," मुलगी म्हणाली. "आपण कालच घेतलंय."