घटस्थापनेला काढायचा विमा

स्मिता सामंत हिची बुधवारी गाडी चालवण्याची परीक्षा होती. शिकाऊ परवाना पर्समध्ये होता, काचेवर लाल 'एल' चिकटवला होता आणि शेजारी नवरा बसला होता. शिकाऊ चालकाच्या शेजारी परवानाधारक माणूस बसलाच पाहिजे, असं कायदा सांगतो. त्याने गप्प बसावं, असं मात्र कायद्याने कुठेच म्हटलेलं नाही, आणि सुधीर सामंत कायद्याच्या एक पाऊलही पुढे जाणारा माणूस नव्हता. तो अखंड बोलत होता.

"तुला जमायचं नाही गं," हे वाक्य स्मिता लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. बुधवारी नापास झालो तर ते रोज सकाळी चहाबरोबर ऐकावं लागणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यामुळे काहीही झालं तरी तिला पास व्हायचंच होतं.

नवी मुंबईत गाडी शिकायची तर द्रोणागिरीला जातात. रस्ते ऐसपैस, इमारती अजून यायच्यात, आणि रविवारी गोदामांकडचे ट्रकही तुरळक. सीवूड्सपासून तिथपर्यंत सुधीरने ऐटीत गाडी आणली आणि मग ती स्मिताच्या हवाली केली. तिने तिसरा गिअर टाकला, गाडीने आचका दिला नाही, तिला मनापासून आनंद झाला, आणि समोर पोलिसांच्या जीपजवळ उभ्या असलेल्या हवालदार धनाजी शेडगे यांनी हात आडवा केला.

लायसन होतं. पीयूसी होती. पट्टे लावलेले होते. धनाजींना कौतुक वाटू लागलं होतं.

"इन्शुरन्स?"

"तेवढा घटस्थापनेला काढणार आहोत," सुधीर प्रसन्नपणे म्हणाला. "जुना नेमका पितृपक्षात संपला. या दिवसांत नवीन काही घेत नाहीत ना. आईला चालत नाही."

"अन् गाडी चालवल्याली चालती?"

"गाडी जुनीच आहे."

धनाजी मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना हा युक्तिवाद समजला. घरातला फ्रिज बंद पडून आठवडा झाला होता आणि नवा त्यांनीही दसऱ्यावर ढकलला होता. परंतु फ्रिज सार्वजनिक रस्त्यावर धावत नाही, हा फरक त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी मशीन बाहेर काढलं.

"पयलाच गुन्हा हाय, म्हनून दोन हजार दंड, न्हायतर तीन म्हैन्यापतुर कैद, न्हायतर दोन्ही. बाईंनी चालवली म्हनून त्यांना. तुमी चालवू दिली म्हनून तुमाला."

"अहो, मी फक्त शिकवत होतो!"

"त्येच की."

"माझा दंड मी भरते," स्मिता म्हणाली. "यांना ते तीन महिने देता येतील का बघा."

दंड भरून झाला. गाडी सुरू करायला स्मिताने किल्लीला हात घातला, तसे धनाजी पुन्हा आडवे आले. विमा नसलेली गाडी हलवली तर दुसरा गुन्हा, आणि दुसऱ्याला दंड दुप्पट. मग इथेच ठेवू? इथे नो पार्किंग. ढकलत नेऊ? ढकलणे हाही वाहनाचा रस्त्यावरील वापरच, असं धनाजींचं मत पडलं. सर्व बाजूंनी विचार करून त्यांनी टोइंगची गाडी मागवली.

टोइंगवाला आला, साखळी काढली. स्मिताने सहज विचारलं, "दादा, तुमचा इन्शुरन्स?"

त्याने साखळी पुन्हा गुंडाळायला घेतली. "मालक म्हनले, दिवस बरे नाय. दसऱ्याला भरू."

धनाजींनी सुस्कारा सोडून त्याचीही पावती फाडली. आता हलवता न येणारी वाहनं दोन झाली. हा काय प्रकार आहे ते बघायला एक टेम्पो थांबला. थांबला म्हणून त्याचे कागद बघितले. कागद गेल्या वर्षीचे निघाले. टेम्पोला सल्ला द्यायला एक रिक्षावाला थांबला. खांदेश्वरचा निशांत नावाचा तरुण बाइक बाजूला लावून सगळ्याचा व्हिडिओ काढत "बघा, लोकांना अक्कल नाही" असं सांगत होता, तोवर धनाजींनी त्याच्याकडेही कागद मागितले. व्हिडिओ तिथेच संपला. तासाभरात रस्त्याची एक कड भरून गेली. प्रत्येक गाडीला लिंबू-मिरची होती.

"साहेब, तुमची जीप?" निशांतने सूड उगवला.

"सरकारी गाडीला इम्याची सूट असती," धनाजी अभिमानाने म्हणाले.

सूट होती, पण बॅटरी उतरली होती. झाडून सगळ्या आरोपींनी मिळून जीप ढकलली. ती खोकली आणि पुन्हा शांत झाली. चौकीवर फोन कुणी उचलेना, तेव्हा स्वतः जाऊन जादा माणसं आणणं भाग होतं, आणि त्या रस्त्यावरून हलण्याचा अधिकार असलेलं एकही वाहन उरलं नव्हतं.

स्मिताने सासूबाईंना, राजलक्ष्मीबाईंना, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आई, पितृपक्षात विमा काढलेला चालतो का?"

"मी सोनं घेऊ नका म्हटलं होतं. विम्याचं कुणी सांगितलं? तुझे सासरे पितृपक्षातसुद्धा हप्ता चुकवत नसत. दे त्याला फोन."

सुधीर हातवारे करून रेंज नसल्याचं सांगू लागला.

स्मिताने मोबाइलवर विमा काढायला घेतला. कंपनी म्हणाली, पॉलिसी संपून गेलेली असल्याने गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ पाठवा, इंजिन चालू ठेवून. धनाजींपुढे पेच पडला. इंजिन चालू म्हणजे गाडी वापरात आली. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि जाहीर केलं, "तपासकामी इंजिन सुरू करन्यास हरकत न्हाय."

थोड्याच वेळात पॉलिसी आली. तत्काळ लागू.

आता त्या संपूर्ण रस्त्यावर कायद्याने चालू शकणारी एकच गाडी होती, आणि ती चालवण्याची तयारी असलेली एकच बाई. सुधीर नियमाप्रमाणे शेजारी बसला. धनाजी मागे बसले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा मागचा पट्टा लावला.

"गिअर बदल," सुधीरने तोंड उघडलं.

"सायेब," मागून आवाज आला, "बाईंना जमतंय."

स्मिताला इतकं बरं वाटलं की चौकी आल्यावर तिला थांबावंसंच वाटेना. बुधवारी ती पास झाली. पक्कं लायसन पोस्टाने यायचं होतं. तोवर लाल 'एल' काढायचा नाही, असं तिने ठरवलं.

निशांतचा व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरला. त्याची स्वतःची पावती फाटण्याआधीचा भाग तेवढा. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला असेल. तुम्ही हसलात, "काय लोक असतात!" असं टाइप केलंत आणि पुढे पाठवलात. तेव्हा सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता, तुमचा एक हात स्टिअरिंगवर होता, आणि मागून लाल 'एल' लावलेल्या गाडीतली एक बाई हॉर्न वाजवत होती. तिचा विमा होता. तुमचा बघून ठेवा.