शेंदऱ्याचं वर्तन

नजरेच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही! चष्म्याचं दुकान आहे माझं. बावीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतोय. त्यामुळे आमच्या पक्षीमित्र मंडळाची सहल समुद्राकाठच्या कड्यांवर निघाली, तेव्हाच मी बरोबर निघालेल्या बायकोला सांगून टाकलं, "आज शेंदऱ्या दिसणार. आणि पहिला मलाच दिसणार!"

शेंदऱ्या म्हणजे शेंदरी चोचीचा समुद्रपक्षी. अकरा वर्षांत तो आमच्या कड्यांकडे फिरकलेला नाही. माझे एकशे नव्याण्णव जातींचे पक्षी बघून झालेत. दोनशे झाले, की मंडळाच्या भिंतीवर नावाची पाटी लागते. अडचण एकच : मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांचेही एकशे नव्याण्णवच झालेत.

त्यात आमची नोंदवही भारी कडक. पक्षी नुसता दिसून भागत नाही. तिच्यात 'वर्तन' नावाचा रकाना आहे; पक्षी काय करत होता ते सांगितल्याशिवाय नोंदच धरत नाहीत. वही सांभाळतात निवृत्त मुख्याध्यापिका बाई. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते.

कड्यावर पोचलो, दुर्बिणीला डोळा लावला आणि तिसऱ्या मिनिटाला ओरडलो, "शेंदऱ्या! समोरच्या कपारीत!"

एकच झुंबड उडाली. डॉक्टरांनी दुर्बीण अशी हिसकावली, जणू माझी अक्कलदाढच काढताहेत.

"वर्तन?" बाईंनी पेन उघडलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, शेंदऱ्या काहीच करत नव्हता. पण पाटी डोळ्यांसमोर नाचत होती ना! "डावा डोळा मिटला त्यानं," मी म्हणालो.

"मी पंख साफ करताना पाहिलं," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

मागे राहणं बाईंच्या स्वभावात नाही. "मला आवाजही आला. खर्जातला," म्हणत त्यांनी तेही लिहून टाकलं.

फक्त बायको म्हणाली, "अहो, अर्धा तास झाला, तो जराही हललेला नाही."

"समुद्रपक्षी संयमी असतात!" मी तिला गप्प केलं.

मग फोन सुटले. तासाभरात दोन मोटारी भरून आणखी सभासद आले. एकाला त्यानं शेपटी हलवलेली दिसली, एकाला मान खाजवलेली. एका गृहस्थांनी तर त्याला मासा गिळताना पाहिलं! वर्तनाचा रकाना भरून मजकूर समासात गेला. डॉक्टर गहिवरून म्हणाले, "आपल्या दोघांच्या पाट्या शेजारी शेजारी लावू!"

ही गर्दी बघून कड्यांचा रखवालदार वर आला. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं आणि मान तिरकी केली.

"चोच जरा भडकच झाली, नाही?"

"म्हणजे?"

"मीच रंगवलाय तो. लाकडी आहे. असा एक बसवला, की खरे वस्तीला येतात म्हणे. महिना झाला, एकही आला नाही."

कोणी कोणाकडे बघेना. "पण मासा..." एवढं पुटपुटून ते गृहस्थ मोटारीत जाऊन बसले.

मग जी जुंपली! डॉक्टर म्हणाले, मी डोळा पाहिला म्हणून त्यांना पंख बघावे लागले. मी म्हटलं, तुमचे पंख माझ्या माथी मारू नका. बाई म्हणाल्या, आवाज वाऱ्याचा असेल, पण खर्जातलाच होता. पान फाडायचं की खोडायचं, यावर कड्याकडे पाठ करून आमची सभाच भरली.

"अहो," बायको म्हणाली.

"थांब गं जरा!"

"अहो, इकडे बघा तरी."

"पुरे झाली थट्टा!"

"अहो!!"

शेवटी वळलो. कपारीत लाकडी शेंदऱ्या एकटाच बसला होता. पण रखवालदार टोपी उडवत नाचत होता, "आला! खरा आला होता! माझ्या शेंदऱ्याशेजारी बसला!"

बायकोनं पाहिला. रखवालदारानं पाहिला. आणि आम्ही सतरा जण गळ्यात दुर्बिणी अडकवून भांडत होतो! वाईट वाटलं हो. अगदी रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

बाईंनी नवं पान उघडलं. तारीख घातली, वेळ घातली, बायकोचं नाव लिहिलं.

"वर्तन?"

"येऊन शेजारी बसला," बायको म्हणाली. "तीनदा हाक मारली. तो आपला ढिम्म! मग गेला बिचारा निघून."

हे सांगताना ती कपारीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बाईंनी मात्र एकही शंका न काढता सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.