काकूंच्या पाठीवरचं ‘शुभ’

आमच्या समोरच्या सुमनकाकूंच्या पाठीवर ‘शुभ’ असं लिहिलेलं आहे. घरात दिसत नाही, पण थंडीतलं तिरपं ऊन पडलं की त्यांच्या काळ्या मखमली ब्लाउजवर दोन अक्षरं उमटतात. कारण ते ब्लाउज मुळात मंडपाचा पडदा आहे. नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे लावतात तो. काकूंनी त्यावरची ‘शुभविवाह’ची सोनेरी अक्षरं सोलली, पडदा काळा रंगवला, पण गोंदाच्या जागी रंग चढलाच नाही.

उरलेला ‘विवाह’ माझ्या वाट्याला आला. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती हातात आली तेव्हा आईने पेढे वाटले आणि काकूंनी पदवीच्या कागदाला मखमली पिशवी शिवली. ‘विवाह’ बरोबर मधोमध. आई म्हणाली, “बरं झालं, पुढचंही काम याच पिशवीत.” मी म्हटलं, “आधी नोकरी.” पिशवी मात्र अजून तीच आहे.

नाशिकरोडला थंडी पडली की काकूंची मखमल बाहेर येते. पावसाळ्यात मंडपवाला जुने पडदे स्वस्तात विकायला काढतो, तेव्हा काकू त्याच्या गोदामात ठाण मांडतात. काका एकलहऱ्याला वीज केंद्रात होते. तिथल्या क्वार्टरमध्ये दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची राख बसायची, म्हणून मखमल कधी अंगाला लागली नाही. काका गेले, काकू इकडे आल्या आणि सगळी हौस एकदम फेडायला लागल्या. भेटेल त्याच्यापुढे बाही धरायच्या. “हात फिरवून बघ! उलटा नको गं, वरून खाली. आता कसं लागतंय?”

सोसायटीतल्या बायका त्यांना मागून ‘मंडप’ म्हणायच्या. “मंडप आला बघ.”

आणि यंदा फॅशन फिरली. मोबाइल उघडावा तर मखमल. दुसऱ्या मजल्यावरच्या सोनवणेवहिनींनी जाहीर केलं, संक्रांतीचं हळदीकुंकू काळ्या मखमलीत. बायका दुकानात भाव विचारून आल्या आणि निमूटपणे काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. काकूंनी पडदे काळे केले, पंधरा दिवस मशीन खडखडवली. माप घेताना सुनवायला विसरल्या नाहीत. “सरळ उभी राहा. मंडपाचा खांब बरा तुझ्यापेक्षा!”

मग वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन आमंत्रणाला निघाल्या. आमच्या दारी आल्या, शेजारी गेल्या. काकूंचं दार तेवढं सोडलं. विधवेला कोण बोलावतं! वहिनींच्या अंगचं ब्लाउज काकूंनीच शिवलेलं होतं.

“हे बरोबर नाही, वहिनी,” मी तोंडावर म्हटलं.

“अगं, मला काही नाही. पण बायका काय म्हणतील?”

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. “अगं, लवकर ये!” आखूड बाह्या आवडल्या नाहीत म्हणून त्यांनी उरलेल्या तुकड्यातून लांब बाह्या स्वतः बसवल्या होत्या. एक बाही उलटी कापली गेली. मखमलीची लव एकीकडे खाली, एकीकडे वर. एक हात काळाभोर, दुसरा राखाडी. तासाभरात बायका येणार.

“काकूंना आण,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी काकूंची बेल वाजवली. दार उघडलं आणि मी बघतच राहिले. तेच ‘शुभ’चं ब्लाउज, इस्त्रीची साडी, केसांत गजरा.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही गं. संक्रांतीला घालते मी दरवर्षी. घालते, बसते.” खिडकीपाशी खुर्ची होती. समोर ताटलीत तिळगूळ. ताटली भरलेली.

मी भरभर सगळं सांगितलं. काकूंनी कात्री आणि पडद्याचा उरलेला तुकडा उचलला. “उलटी कापली? त्या बाईला हात फिरवायला शंभर वेळा सांगितलं!”

बाही बदलून झाली तेव्हा बायका येऊन बसल्या होत्या. सगळ्या मखमलीत, सगळ्या काकूंच्या हातच्या. काकू स्वयंपाकघराच्या दाराने सटकायला लागल्या.

“काकू!” वहिनी करंडा घेऊन आडव्या आल्या. “इथे बसा. आधी तुम्ही.”

कोपऱ्यातल्या एक आजी पुटपुटल्या, “अगं पण, शुभकार्याला...”

काकू भिंतीकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या. खिडकीतलं तिरपं ऊन पाठीवर पडलं आणि दोन अक्षरं उमटली. मी म्हटलं, “आजी, वाचा. तुमच्यापैकी कुणाच्या पाठीवर लिहिलंय का?”

आधी आजीच हसल्या. मग सगळ्या.

वहिनींनी कुंकू लावलं. काकू म्हणाल्या, “जपून, बाहीवर सांडेल.” त्या दिवशी त्या कुणालाही हात फिरवून बघ म्हणाल्या नाहीत. वहिनी मात्र त्यांची बाही धरून बसल्या होत्या. हात फिरवत होत्या, वरून खाली.