गाडीला ताप येईना

गाडी सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली तरी तापमानाचा काटा तळाच्या रेघेवरून हलला नव्हता. मुद्रितशोधकाने डॅशबोर्डवर दोनदा टिचकी मारली. काटा ढिम्म. छापखान्यात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून त्याचे डोळे असे झाले होते, की जागेवर नसलेली गोष्ट त्यांना टोचायचीच. मग तो अनुस्वार असो की काटा.

"हा वर का येत नाही?" तो म्हणाला.

शेजारी बसलेल्या बायकोने तोंडावरची शाल जरा खाली केली. "काय म्हणालात?"

"इंजिन गरमच होत नाहीये."

"मग बरंच आहे की. ताप नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जातं का?" शाल पुन्हा वर गेली. ती नर्स होती.

इंजिन गरम होत नाही, म्हणून हीटर गार हवा फेकत होता, आणि खरं दुखणं ते होतं. तिची ड्यूटी सकाळी सातला लागायची. त्याचं काम दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपायचं. तो घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची. नवराबायकोला बोलायला मिळायचा तो इस्पितळापर्यंतचा हा अर्धा तास, आणि थंडी पडल्यापासून तोही शालीच्या आतून आलेल्या 'हं' आणि 'नाही'वर निघत होता. लेकीने नोकरी सोडायचं ठरवलं होतं. हा विषय तीनदा शालीपर्यंत जाऊन परत आला होता.

"काल एका आजोबांची नाडी बघायला मनगट धरलं," उतरताना बायको हातावर हात चोळत म्हणाली, "तर ते ओरडले, 'अहो बाई, अजून जिवंत आहे मी!' इतके गार पडतात माझे हात. बघा काहीतरी."

तिला सोडून तो तसाच गॅरेजवर गेला आणि ते उघडेपर्यंत दारात बसून राहिला. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "साहेब, माझ्याकडे लोक गाडी तापते म्हणून रडत येतात. तापत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

"पण काटा वर येत नाही."

"काटा खोटं बोलतोय. सेन्सर गेलाय."

सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी काटा तळाच्या रेघेच्याही खाली जाऊन बसला. मुद्रितशोधकाने फोन लावला.

"बघा!" मेकॅनिक खुशीत म्हणाला. "आता खरं बोलायला लागला."

हा संवाद घरात खुर्चीत बसलेल्या त्याच्या वडिलांनी ऐकला. तीस वर्षं ट्रक चालवून ते निवृत्त झाले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या गाडीचे ब्रेक 'जरासे आवळून' दिले होते आणि गाडी दिवसभर जागची हलली नव्हती. तेव्हापासून त्यांना गाडीला हात लावायला बंदी होती.

"मेकॅनिकच्या नादी लागू नकोस," ते म्हणाले. "रेडिएटरपुढे पुठ्ठा बांध. वारा लागला नाही की होतंय गरम. आम्ही थंडीत हेच करायचो."

बंदी उठायची वाटही न बघता त्यांनी स्वतःच एक खोकं फाडलं आणि सुतळीने पुठ्ठा गाडीच्या तोंडाला बांधून टाकला. त्यांचा हा उत्साह पाहून मुलाला नवल वाटायला हवं होतं. पण नवल वाटायलाही अंगात त्राण लागतं.

सकाळी निम्म्या वाटेत पुठ्ठा घसरला आणि नंबरप्लेटवर येऊन थांबला. पुढच्या चौकात हवालदाराने हात केला.

"नंबर का झाकलाय?"

"झाकला नाही, घसरला. म्हणजे पुठ्ठा. इंजिनला थंडी वाजते म्हणून..."

"इंजिनला?" हवालदाराने वाकून आत पाहिलं. "आणि या बाईंनी तोंड कशाला झाकलंय?"

"त्याच कारणाने," बायको शालीतून म्हणाली.

नंबर झाकलेला आणि बाईचं तोंडही झाकलेलं, हे काही हवालदाराच्या मनाला पटेना. त्याने डिकी उघडायला लावली. आत छापखान्याच्या कागदांचा गठ्ठा होता, पानोपानी लाल खुणा केलेला.

"या खुणा कसल्या?"

"चुका आहेत."

"कुणाच्या?"

"लोकांच्या."

हवालदाराने एकेक पान उलटून पाहिलं. शेवटी सुतळी कापून पुठ्ठा मुद्रितशोधकाच्या हातात देत तो म्हणाला, "जा. आणि डॉक्टरला दाखवा." गाडीला की त्याला, हे काही त्याने सांगितलं नाही.

बायको इस्पितळात पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. अकरा वर्षांत तिला पहिल्यांदा उशिराचा शेरा मिळाला. दार लावताना ती एवढंच म्हणाली, "तीनला मला घ्यायला या. त्या मेकॅनिककडे मीच येते."

मुद्रितशोधकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोघं गॅरेजवर गेली तेव्हा मेकॅनिक जेवायला गेला होता. तो तासाभराने आला आणि बॉनेट उघडून म्हणाला, "आता सगळा मीटरच बदलू. नाही जमलं तर वायरिंग बघू. तेही नाही तर..."

"थांबा," बायको म्हणाली. "औषधं नंतर. आधी पेशंटला हात कुणी लावलाय का?"

"म्हणजे?"

"इंजिनमधलं पाणी गार व्हायला रेडिएटरमध्ये जातं. मग गाडी सुरू केल्या केल्याच ते तिकडे जाऊ नये, म्हणून मध्ये काही असतं की नाही?"

"असतं ना, ताई. थर्मोस्टॅट. छोटी झडप असते. इंजिन गार असलं की बंद, तापलं की उघडते."

"गाडी सुरू करा."

मुद्रितशोधकाने किल्ली फिरवली. बायकोने वरच्या जाड पाइपवर तळहात ठेवला आणि घड्याळाकडे पाहत राहिली. वॉर्डात ती अशीच उभी राहायची. ती बोलायला लागेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. मेकॅनिकनेही हातातला पाना खाली ठेवला.

"इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही," दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, "आणि हा पाइप आताच कोमट लागतोय. पाणी पहिल्यापासून इकडे पळतंय. दार सताड उघडं आहे तुमचं."

मेकॅनिकने स्वतः हात लावून पाहिला. मग डोकं खाजवलं, गाडी बंद करायला लावली, पाणी काढलं आणि दोन बोल्ट सोडवून झाकण उघडलं. आत बोट फिरवून तो सरळ झाला.

"साहेब, थर्मोस्टॅट बिघडलेला नाही."

"मग?"

"थर्मोस्टॅट नाहीच."

मुद्रितशोधक त्या रिकाम्या खोबणीकडे बघत उभा राहिला. चुकीचा शब्द डोळ्यांना अडकतो, गाळलेला शब्द सटकतो, हे बावीस वर्षांत तो नव्या लोकांना किती वेळा सांगत आला होता.

संध्याकाळी वडील पेपर वाचत होते.

"बाबा, गाडीतला थर्मोस्टॅट कुणी काढला?"

वडिलांनी पान उलटलं. "मागच्या उन्हाळ्यात चढावर गाडी तापून बंद पडली होती. आठवतं?"

"हो."

"त्यानंतर कधी तापली?"

"नाही."

"झालं तर मग."

"अहो, पण तुम्हाला हात लावायची बंदी होती ना?"

"म्हणूनच तर सांगितलं नाही."

तो थकला होता. तो आत जाऊन आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा थर्मोस्टॅट घातलेली गाडी निघाली. पाचव्या मिनिटाला काट्याने रेघ सोडली. दहाव्या मिनिटाला तो बरोबर मध्यावर येऊन उभा राहिला आणि हीटरमधून गरम हवा आली. बायकोने शाल मांडीवर घेतली, चपला काढल्या, पाय पुढे लांब केले.

"अगं बाई," ती म्हणाली. "काय बरं वाटतंय."

मुद्रितशोधकाने घसा साफ केला. महिनाभराचं बोलणं साठलं होतं, सुरुवात कुठून करावी कळेना. "लेकीचं म्हणत होतो मी. तिने नोकरी सोडली तर पुढे काय, ते तू तिला एकदा विचार. माझ्याशी नीट बोलत नाही ती. तुला काय वाटतं?"

त्याने वळून पाहिलं. बायकोचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं आणि ती चक्क घोरत होती.

त्याने हळूच हीटर एक घर कमी केला. झोपेतच तिचा हात शाल चाचपू लागला. त्याने हीटर पुन्हा वाढवला.

इस्पितळाच्या फाटकाशी पोचले तेव्हा सातला दहा कमी होते. त्याने गाडी कडेला घेतली. रखवालदार काचेशी आला.

"साहेब, इंजिन चालूच राहिलंय."

"राहू द्या," तो कुजबुजला. "आत्ता कुठे तापलंय."