सेवालालची रेल्वे (एकूण स्थानके : एक)

उद्योग सुरू करताना पहिल्याच दिवशी सिंह विकत घेऊ नये, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या पुस्तकांत अजून आलेलं नाही. ते प्रयोगाने सिद्ध करण्याचा मान वाशिम जिल्ह्याकडे जातो.

तालुक्याच्या गावी एक प्रशिक्षण केंद्र आहे. अनुदानावर वाहन हवं असेल तर या केंद्राचं उद्योजकता प्रमाणपत्र लागतं, आणि ते हवं असेल तर कॉम्प्युटरवरच्या एका खेळात तीस दिवस प्राणिसंग्रहालय चालवून दाखवावं लागतं. वर्गाचा एक तास म्हणजे खेळातला एक दिवस. (प्राणिसंग्रहालयच का, असं एका शेळीपालनवाल्याने विचारलं होतं. शेळ्यांचा खेळ निविदेत बसला नाही, असं त्याला लेखी कळवण्यात आलं.) सुरुवातीला पन्नास हजारांचं भांडवल मिळतं. अक्कल ज्याची त्याने घरून आणायची असते.

पहिल्या तुकडीत चाळीस उमेदवार होते. एकतीस जणांनी पहिल्या दिवशी सिंह घेतला. पाच जणांनी वाघ घेतला, कारण सिंह संपले असावेत असा त्यांचा समज झाला. तिघांनी हत्ती घेतला, पण मग कुंपणाला पैसे उरले नाहीत, आणि हत्ती दुपारच्या सुमारास निघून गेला. सिंहाला रोज किती मटण लागतं हे कळेपर्यंत तिजोरीचा तळ दिसू लागला होता. अकराव्या दिवशी एकोणचाळीस प्राणिसंग्रहालयांना कुलूप लागलं. उरलेलं एक सेवालालचं होतं.

सेवालाल कामरगावजवळच्या तांड्यावरचा. बावीस वर्षं त्याने कामरगाव ते कारंजा काळी-पिवळी जीप चालवली. आता जीपचं वय भरलं होतं, परवाना पुढे मिळणार नव्हता, आणि पन्नाशीत त्याला दुसरं काही येत नव्हतं. जीप दारात उभी होती. तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या होत्या, आणि ते पाहून त्याला खरोखर रडू यायचं. "प्रमाणपत्र आना," बायको रुपाबाईने सांगून ठेवलं होतं, "नाईतर गाडी कोंबड्यायच्या नावानं करून द्या."

सेवालालने सिंहाचा विचारच केला नाही. कारंज्यात काय पाहण्यासारखं आहे, हे बावीस वर्षांत एकाही प्रवाशाने त्याला विचारलं नव्हतं. गाडी कधी सुटते, एवढंच सगळे विचारत. म्हणजे पैसा गावात नसून गाडीत असतो. त्याने प्रेक्षकांना फिरवणारी छोटी रेल्वे घेतली. एक इंजिन, दोन डबे, चोवीस सीटा. दुसऱ्या स्थानकाला अठरा हजार पडत होते, म्हणून ते घेतलं नाही. नियमाप्रमाणे किमान एक प्राणी आवश्यक होता, म्हणून त्याने कासव घेतलं. कासव पाला खातं, आणि दार उघडं राहिलं तरी संध्याकाळी तिथेच सापडतं.

खेळात 'गाडी केव्हा सोडावी' असा रकाना होता. त्यात 'दर पाच मिनिटांनी', 'अर्धी भरल्यावर' आणि 'पूर्ण भरल्यावर' असे तीन पर्याय होते. हा खेळ करणारा माणूस कधीतरी जीपच्या थांब्यावर बसलेला असावा, असं सेवालालला वाटलं. त्याने तिसरा पर्याय निवडला. भाडं चढतानाच कापलं जायचं. दोनच सीटा उरल्या की तो मागे एक डबा जोडायचा.

केंद्रात शिकवायला सुकेशनी मॅडम होत्या. मुलगी हुशार, नोकरी कंत्राटी. तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"सेवालालभाऊ, तुमची गाडी काहून सुटून नाई राह्यली?"

"भरली नाई न मॅडम."

"तेहतीस लोक बसले हायेत."

"सीटा छत्तीस हायेत."

तास संपता संपता त्या पुन्हा आल्या. "आता छप्पन झाले."

"आता सीटा साठ हायेत."

"अन् हे लोक लाल काहून दिसून राह्यले?" (नाराज प्रेक्षक खेळात लाल होतो.)

"उकडून राह्यलं असन," सेवालाल म्हणाला. "पान्याचं दुकान टाकतो."

दुकान चाललं. मग भज्यांचं टाकलं, तेही चाललं. अधूनमधून तो रेल्वे दोन फूट पुढे घ्यायचा आणि परत मागे आणायचा. याने बसलेल्यांना धीर येतो, आणि खाली उभे असलेले धावत येऊन चढतात. नाराज प्रेक्षक फाटकातून निघून जातो, असा खेळाचा कडक नियम आहे. पण फाटकापर्यंत जायला गाडीतून उतरावं लागतं, आणि गाडी थांब्यावर आल्याशिवाय खेळ कोणाला उतरू देत नाही. जी गाडी निघालीच नाही, ती येणार कुठून? त्यामुळे नाराज प्रेक्षक शंभर टक्के आणि सोडून गेलेले शून्य, असा आकडा प्रथमच नोंदला गेला. डिझेलचा खर्च शून्य, अपघात शून्य. तक्रारपेटीची सोय दुसऱ्या स्थानकावर करण्याचं नियोजन होतं.

तिसाव्या दिवशी गाडीत चारशे दहा माणसं होती आणि तिजोरीत चार लाख. गाडी इतकी लांबली होती की शेवटच्या डब्यातून कासव दिसायचं, म्हणून त्या डब्याचं भाडं दीडपट होतं.

तपासणीला वरून जगदेव साहेब आले. त्यांनी उत्पन्न पाहिलं, खर्च पाहिला, प्राण्याची प्रकृती पाहिली (उत्तम). गाडी कुठे गेली का, हे विचारणारा रकाना तपासणीच्या नमुन्यात नव्हता. सेवालाल जिल्ह्यात पहिला आला. मॅडमना त्या लाल माणसांचं वाईट वाटत होतं, पण त्यांचा स्वतःचा करारही मार्चपासून 'नूतनीकरणाच्या टप्प्यात' होता, म्हणून त्यांनी नमुना पुढे करून साहेबांची सही घेतली. सेवालालने बाहेर येऊन रुपाबाईला फोन लावला. "कोंबड्या हाकल," एवढंच तो बोलू शकला.

प्रमाणपत्र समारंभात मिळणार होतं. समारंभ पन्नास उमेदवार उत्तीर्ण झाल्यावर. फेटा आणि फोटो यांचे तीनशे रुपये आधी भरून घेतले. मग केंद्राने सेवालालची पद्धत अभ्यासक्रमात घेतली, आणि लोक भराभर पास होऊ लागले. चार महिन्यांनी तो विचारायला गेला तेव्हा अठ्ठेचाळीस झाले होते.

"दोनच बाकी हायेत, भाऊ," मॅडमनी खाली बघत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मोठं सभागृह मिळालं, आणि समारंभाची अट पंच्याहत्तरची झाली.

तेव्हापासून दर पंधरवड्याला केंद्रातून फोन येतो आणि फेट्यासाठी डोक्याचं माप विचारतात. पहिला फोन आला तेव्हा सेवालालने ती दोन फुटांची चाल बरोबर ओळखली, आणि तो एकटाच हसला. जुन्या कारागिराने दुसऱ्याचं काम पाहून मान डोलवावी, तसं ते हसणं होतं. मग त्याने रुपाबाईकडून दोरी मागून घेतली आणि डोकं मोजून दिलं.

वाचकांनी सेवालालला हसायला हरकत नाही. फक्त आपण स्वतः ज्याचे पैसे भरून बसलो आहोत, मग तो फ्लॅटचा ताबा असो, नळाचं कनेक्शन असो की पोराच्या भरतीचा निकाल, त्याची एकदा चौकशी करून घ्यावी. 'होतंच आलंय, थोडेच बाकी आहेत' असं उत्तर आलं, तर चिडू नये. उठू तर अजिबात नये, जागा जाईल.