दिगूमामांचे रिपोर्ट

दिगूमामांच्या कॉम्प्युटरवर दोनशेहून जास्त गेम आहेत आणि त्यातला एकही त्यांनी शेवटपर्यंत खेळलेला नाही. शेवट सोडा, अर्ध्यापर्यंतही नाही. मामा गेम खेळत नाहीत, ते गेम 'चालवून पाहतात'. समोर जंगल पेटलेलं असतं, सात फुटी राक्षस कुऱ्हाड उगारून धावत येत असतो, आणि मामा चष्मा कपाळावर ढकलून पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा बघत असतात. दर सेकंदाला किती चित्रं सरकतात, तो आकडा.

"साठ. पाय वं, साठ. हलून नाई राहिला."

"मामा, तुम्ही मेलात."

"मरू दे. साठावर मेलो ना?"

मग ते गेम बंद करतात, खुर्ची माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, "लिही. रिपोर्ट."

मी अमरावतीची. नोकरी लागली अकोल्याला, एका दालमिलच्या ऑफिसात, बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहायची. "होस्टेल कशाला? सख्खा मामा आहे," आई म्हणाली. सख्ख्या मामाकडे काय काय आहे, हे तिने सांगितलं नाही. मामा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, लग्नाचं राहून गेलेलं, घर दोन खोल्यांचं. मला वाटलं, घर शांत असेल. मला शांत घरं आवडतात.

मामा निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या कॉम्प्युटरवर एक सूचना आली. नवी विंडोज या मशीनवर बसणार नाही, नवी मशीन घ्या. ती सूचना मामांनी मला फोन करून तीनदा समजून घेतली होती.

"मशीन धडधाकट हाय अन् हे म्हणते बदल? काहून बदलू?"

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानेही बदला म्हटलं. मामा त्याच्याशी भांडून घरी आले, आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि त्याच मशीनवर लिनक्स टाकलं. लिनक्स फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं आणि त्याचं चिन्ह पेंग्विन आहे. मामा त्याला बदक म्हणतात. मी पहिल्याच आठवड्यात चूक दुरुस्त करायला गेले.

"मामा, तो पेंग्विन आहे."

"अकोल्याच्या उन्हात पेंग्विन जगन का? बदकच हाय थे."

त्या बदकाचं स्टिकर स्कूटरवर आहे, फ्रिजवर आहे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरही आहे. विंडोजला ते 'खिडकी' म्हणतात, आणि म्हणताना आवाज असा खाली आणतात, जणू घरातून पळून गेलेल्या कुणाचं नाव घेताहेत. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी विचारतात, "लॅपटॉपवर काय हाय? खिडकी का?" माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात, चांदूर रेल्वेला, त्यांनी नवरदेवाला कोपऱ्यात गाठून हाच प्रश्न विचारला होता. नवरदेव बिचारा एलआयसीचा एजंट. त्याला वाटलं, मामांना घराला खिडक्या बसवायच्या आहेत.

समोर नासीरभाईंचं सोफ्याच्या कव्हरांचं दुकान आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवरही मामांनी 'बदक बसवलं'. त्या दिवसापासून त्यांचा प्रिंटर बंद आहे. रोज सकाळी नासीरभाई पेनड्राईव्ह घेऊन आमच्या दारात उभे.

"दिगूभाऊ, तुम्हारा बदक अंडा कब देगा?"

"देईन, भाई. जरा दम धरा."

"छे महिने हो गए, भाऊ. मुर्गी होती तो अब तक मैं पोल्ट्रीवाला बन जाता."

दोघं हसतात, मामा पेनड्राईव्ह घेतात आणि कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्वतः प्रिंट काढून आणून देतात. प्रिंटर दुरुस्त करायला त्यांना वेळ नसतो. गेम तपासायचे असतात.

या गेमचं प्रकरण मला कळायला महिना लागला. बहुतेक गेम विंडोजसाठी बनवलेले असतात. ते लिनक्सवर चालावेत म्हणून मधे एक प्रोग्राम बसवतात. मामांच्या भाषेत, "मंधात एक दुभाष्या बसते. गेम खिडकीच्या भाषेत बोलते, थो बदकाले समजावून सांगते." दुभाष्या कधी अडखळतो, कधी चक्क खोटं सांगतो. म्हणून जगभरचे लिनक्सवाले एका वेबसाइटवर रिपोर्ट टाकतात: हा गेम आमच्याकडे असा चालला, हे बदलल्यावर तसा चालला. आता लिनक्सवर खेळणारे वाढताहेत, हातात धरून खेळायच्या यंत्रांतही आतून लिनक्स असतं, त्यामुळे रोज कुणीतरी नवा येतो आणि त्याला काहीतरी अडलेलं असतं.

काही गेमच्या दारात, खेळात लबाडी करणारे चोर पकडायला, राखणदार प्रोग्राम बसवलेले असतात. ते लिनक्सवाल्यांना आतच घेत नाहीत. असा गेम भेटला की मामा दिवसभर जेवताना पुटपुटतात. "मी काय चोर हाय? बत्तीस वर्सं खांबावर चढलो, कोनाचा एक बल्ब नाई आनला घरी."

रिपोर्ट इंग्रजीत लिहावे लागतात. मी येण्याआधी मामा स्वतःच्या इंग्रजीत लिहीत. बारा रिपोर्ट टाकले, एकालाही कुणी उत्तर दिलं नाही. मग कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली भाची घरात राहायला आली, आणि माझ्या संध्याकाळी संपल्या.

दिवसभर दालमिलमध्ये तूरडाळीबद्दल इंग्रजी लिहायचं आणि घरी येऊन राक्षसांबद्दल. मामा मागे हात बांधून खोलीत फेऱ्या मारत सांगायचे.

"लिही. गेम चालू होते. भल्ली चालते. पन मारामारीच्या टायमाले मशीन घुर्र करते, जसा चढावर भरलेला ट्रॅक्टर. मंग म्या दुभाष्या बदलला, जुना बसवला, तवा कुठी थंडी झाली. लिहिलं?"

मी लिहिलेलं असायचं: लढाईच्या प्रसंगात वेग कमी होतो, जुनी आवृत्ती वापरावी.

"वाच."

मी मराठीत उलटं करून वाचायची. मामा संशयाने बघायचे.

"एवढंच? म्या तर लय बोललो."

"इंग्रजीत थोडक्यात लिहितात, मामा."

"ट्रॅक्टर कुठी गेला?"

"त्यांना ट्रॅक्टरचं काय करायचंय?"

"मंग त्याइले समजन कसं, कसा आवाज येते थो?"

वाद नको म्हणून मी उठून चहा ठेवायची. त्या घरात दुभाषे दोन होते, आणि कॉम्प्युटरमधल्याला चहा करावा लागत नसे.

पण माझ्या इंग्रजीला उत्तरं येऊ लागली. ब्राझीलच्या एकाने लिहिलं, तुमच्या उपायाने माझा गेम चालला, आभारी आहे. मामांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पोलंडचा एक आला, मग कुणी फिलिपीन्सची बाई. मामा सकाळी दात घासता घासता विचारायचे, "ब्राझीलवाला काही म्हनून राहिला का?" माझ्या ऑफिसात फोन यायचा. मालक समोर बसलेले, आणि फोनमध्ये मामा: "पोलंडच्या पोराचा आवाज गेला वं. गेममधला. त्याचा नाई. लवकर ये."

मी चिडायची. मोठ्याने नाही, मला मोठ्याने चिडता येत नाही. मी दुसरी नोकरी शोधायला लागले. कारण पगार होता, पुणं होतं, हे खरंच. पण संध्याकाळी पुस्तक घेऊन एका जागी बसता यावं, हेही होतं.

पुण्याचं पत्र आलं. महिन्याभराने रुजू व्हायचं होतं. आईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. मामांना सांगणं राहिलं. रोज ठरवायची, रोज ते आधी म्हणायचे, "लिही." मी गेले की हे उत्तरं कुणाकडून वाचून घेणार आणि कुणाकडून लिहून घेणार, हे मला कळत होतं. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं.

त्यातच मी एका रविवारी अमरावतीला आईकडे गेले. परत आले तर माझ्या लॅपटॉपवर बदक.

"गरम होऊन राहिला होता तुहा लॅपटॉप," मामा म्हणाले. "पंखा कसा बोंबलत होता. आता पाय, कसा गार हाय."

ऑफिसच्या शीट, माझी सगळी मांडणी, सगळं वेगळं दिसत होतं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. मी एरवीही इतकं कमी बोलते की मी रागावले आहे हे कळायला मामांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात आले.

"फायली सगळ्या हायेत तुह्या. एक बी गेली नाई. फोटो हायेत. सर्टिफिकेट हायेत." मग चौकटीवरचा रंग नखाने खरवडत म्हणाले, "पुन्याचं पत्र बी हाय."

मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"कदी जाचं हाय?"

"एकवीस दिवसांनी."

"बरं," मामा म्हणाले आणि गेले. मला वाटलं, आता रागावतील, निदान आधी सांगितलं कसं नाही म्हणतील. पाच मिनिटांनी बाहेरून आवाज आला.

"एकवीस दिवस अन् राहिले अडतीस गेम. दिवसाचे दोन पडतात. ये लवकर."

ते एकवीस दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी "लिही". बॅग भरताना "लिही". नासीरभाईंच्या घरून माझ्यासाठी शीरखुर्मा आला, तो मी एका हाताने खाल्ला, दुसऱ्या हाताने टाइप केलं. नासीरभाई दारातून म्हणाले, "दिगूभाऊ, बच्ची को जाने दो. जाते-जाते भी दाल जैसा मत दलो उसको." मामा म्हणाले, "भाई, ही गेली तं मंग ब्राझीलवाल्याशी तुमी बोलान का?" शेवटच्या दिवशी अडतिसावा रिपोर्ट लिहून झाला. मामांनी मला स्टेशनवर सोडलं, बॅग सीटखाली सरकवली आणि निघताना एवढंच म्हणाले, "दुभाष्या अपडेट करत जाजो."

पुण्यात मला हवी तशी खोली मिळाली. शांत. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची. आठवड्यातून एकदा मामांना फोन करायची, ते म्हणायचे सगळं बरं आहे, आणि दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. फोन ठेवला की मी ती वेबसाइट उघडायची, फक्त सवयीने. दोन महिने मामांच्या नावावर काही नवं नव्हतं. ब्राझीलवाल्याने एक प्रश्न विचारला होता, तो तसाच पडून होता. त्याला मीच उत्तर दिलं.

मग एका रविवारी सकाळी नवा रिपोर्ट दिसला. देवनागरीत. त्या वेबसाइटवर मराठी वाचणारं आणखी कुणी असेल, असं मला वाटत नाही.

"गेम चालते. आवाज बरोबर येते. दोघाइनं खेळाची हाये. दोन मानसं एका दोराले बांधली हायेत, डोंगर चढा लागते. एकानं दोर धरून उभं राहाचं, मंग दुसरा चढते. म्या एकट्यानं पायली. एक रिमोट उजव्या हातात धरला, एक टेबलावर ठिवून डाव्यानं दाबला. दोन टप्पे चढलो. तिसऱ्याले हात पुरत नाई. बाकी काही खराबी नाई."

रिपोर्टच्या कडेला तो गेम किती वेळ चालवला ते आपोआप येतं. मामांचा नेहमीचा आकडा पाऊण तास, फार तर तास. इथे एकोणीस तास होते.

गेम चालतो की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. हे मला त्यांनीच शिकवलंय.

मी फोन लावला.

"मामा, तो दोराचा गेम. डोंगराच्या वर काय आहे?"

"मले काय माहीत? गेलोच नाई ना वर. तू वाचलं वाट्टे."

"दोन वेगवेगळ्या गावांतून खेळता येतो का तो?"

"येते ना. नेटवरून येते." त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. "पन तुह्या लॅपटॉपवर चालन का नाई, थे पाहा लागन. पयले दुभाष्या कोनता हाय सांग. मंग डाउनलोड लाव."

त्यांनी बसवलेलं बदक मी काढलं नव्हतं. दुभाष्या सांगितला. डाउनलोड लावलं.

"किती दाखवून राहिलं?" मामांनी विचारलं.

"दोन तास."

"लागतीन. मोठी गेम हाय."

"मग करते तुम्हाला दोन तासांनी."

"कर ना," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.