झुंबरबाईंचं आठवं पत्र

शेखर वडनेरे यांचं पोस्टकार्ड आलं तेव्हा धोंडीराम गायधनी भेंडी चिरत होते. कार्डावर नाव होतं सौ. झुंबरबाई गायधनी आणि मजकूर दोन ओळींचा होता. 'नवा चित्रपट लागला आहे. आपल्या पत्राची वाट पाहतो.'

झुंबरबाईंना जाऊन आठ महिने झाले होते.

वडनेरे हे मोठे दिग्दर्शक. झुंबरबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांच्या मते वडनेऱ्यांसारखा दिग्दर्शक दुसरा नव्हता. बावीस वर्षांत त्यांनी सात चित्रपट काढले आणि बाईंनी त्यांना सात पत्रं लिहिली. धोंडीराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पाकीट चिकटवलेलं हातात यायचं, ते पेटीत टाकायचं, एवढाच त्यांचा या व्यवहाराशी संबंध. उत्तर मात्र उघड्या कार्डावर यायचं. 'पत्र मिळालं. विचार करतो आहे.' बायको इतकी स्तुती करते की माणसाला विचार करावा लागतो, असं धोंडीरामांना वाटायचं.

आता उलट टपाली कळवायला हवं होतं. धोंडीरामांनी कोरं कार्ड घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. आठ महिन्यांत बँकेत, गॅसवाल्याकडे, रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे बाईंचं नाव कमी करून झालं होतं. प्रत्येक ठिकाणी एक फॉर्म आणि एक झेरॉक्स. आता जगात एकच माणूस असा उरला होता की ज्याच्या लेखी बाई घरी होत्या आणि पत्र लिहायला बसणार होत्या. त्यालाही फॉर्म भरून देणं धोंडीरामांच्या जिवावर आलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, पत्र पाठवायचं.

ते नाशिकरोडला जाऊन चित्रपट बघून आले. चित्रपटाचं नाव 'उंटाची महासभा'. एका नगरपालिकेत कुणालाच बहुमत मिळत नाही, म्हणून सगळे मिळून उंटाला नगराध्यक्ष करतात. इथपर्यंत ठीक होतं. मग उंट संपावर जातो. मग गावात परदेशी सैन्य येतं. मग सगळी नगरपालिका चंद्रावर जाते आणि तिथे पाणीपट्टीवर वीस मिनिटांचं गाणं होतं. बाहेर आल्यावर धोंडीरामांना एवढंच कळलं की यावर आपल्याला पत्र लिहिता येणार नाही. मग त्यांनी मतं गोळा करायला सुरुवात केली.

शेजारचा दत्तू देवळाली कॅम्पातून कारकून म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "मोठा माणूस आहे अण्णा. आपल्याला नाही कळलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं."

"तू पूर्ण पाहिलास?"

"इंटर्व्हलला वडापाव खायला बाहेर आलो. तो बाहेरच राहिलो."

भिकन न्हाव्याने चित्रपट पाहिलाच नव्हता. "पण सकाळपासून चार गिऱ्हाईकं म्हणाली, लय भारी हाय."

"भारी म्हणजे काय?"

"ते नाय सांगितलं. चौघंबी डोकं खाजवत होते."

पुण्याला असलेल्या मुलीला, तेजलला, त्यांनी फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, त्यात लेयर्स आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एका अर्थाखाली दुसरा अर्थ. त्याच्याखाली तिसरा."

"मग सगळ्यात खाली काय आहे?"

"पप्पा, मला मीटिंग आहे. नंतर करते."

पेपरात 'धाडसी प्रयत्न' असं छापून आलं होतं. धोंडीरामांनी हे सगळं एकत्र केलं. अक्षराची अडचण होती, म्हणून वर लिहिलं, 'हात दुखतो. मी सांगते आणि हे लिहितात.' खाली लिहिलं, 'चित्रपट फार भारी आहे. धाडसी प्रयत्न. लेयर्स आहेत. काही कळलं नसेल तर चूक आमची.' आणि सवयीप्रमाणे पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर घातला.

पाचव्या दिवशी फोन आला.

"मी शेखर वडनेरे. बाईंचा हात कसा आहे?"

धोंडीराम उठून उभे राहिले. "बरा आहे."

"जरा देता का त्यांना?"

"ती घरी नाही. घोटीला गेलीय, बहिणीकडे."

"घोटी? मग चांगलंच झालं. मी रविवारी मुंबईहून निघतोय, घोटी वाटेतच आहे. तिथेच भेटतो. पत्ता सांगा."

"रविवारी घोटीला नसेल. रविवारी विंचूरला जाणार आहे. तिकडे लग्न आहे."

"मी शूटिंगसाठी जागा बघायला येवल्यालाच चाललोय. विंचूरवरूनच जायचं. कुठल्या कार्यालयात आहे लग्न?"

नाशिक जिल्ह्याचा नकाशा धोंडीरामांच्या विरोधात होता. या माणसाच्या रस्त्यावर नाही असं एकही गाव त्यांना ऐन वेळी आठवेना.

"लग्न शनिवारचं," ते म्हणाले. "रविवारी सकाळी ती घरी येईल."

"मग घरीच येतो," वडनेरे म्हणाले.

धोंडीरामांच्या घरी एकच खुर्ची धड होती. त्यांनी दत्तूकडे दोन मागितल्या. दत्तूने विचारलं, कोण येतंय. धोंडीरामांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "कुणाला बोलू नको." संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं. सेक्रेटरी हर्षालीताईंनी गेटवर रांगोळीचं ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी धोंडीरामांनी भिंतीवरचा बाईंचा फोटो काढून खाटेखाली ठेवला आणि खिळ्याला कॅलेंडर लावलं. दत्तूला खुर्च्या मांडायला सांगून ते खाली गेले. येणाऱ्या माणसाशी आपल्याशिवाय कुणी बोलू नये अशी त्यांची इच्छा होती. खाली चाळीस माणसं उभी होती.

गाडी आली. हर्षालीताईंनी ओवाळलं. "सर, काय चित्रपट आहे," त्या म्हणाल्या. "शब्दच नाहीत."

"आमच्या घरात तर रोज त्याच्यावरच चर्चा," कुणीतरी म्हणालं.

वडनेरे प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि प्रत्येक कौतुकाला त्यांचा चेहरा आणखी उतरत होता. बाईंचा विषय निघायच्या आत धोंडीरामांनी त्यांना दंडाला धरून जिन्यात घातलं.

वर दारातच दत्तू उभा. "दोनदा पाहिला साहेब," तो म्हणाला. मग धोंडीरामांच्या कानाला लागला. "अण्णा, वहिनींचा फोटो खाटेखाली पडला होता. बरं झालं माझं लक्ष गेलं. पुसून परत लावला. गजरा होता घरात, तोही घातला."

धोंडीरामांनी आत पाहिलं. वडनेरे बूट काढायला वाकले होते आणि वाकल्या वाकल्याच जवळच्या खुर्चीत बसत होते. फोटो बरोबर त्यांच्या डोक्यावर होता. धोंडीरामांनी दत्तूला बाहेर काढून दार लावलं.

"बाई कुठे आहेत?"

"भाजीला गेलीय." हे बोलताना त्यांना समोर बघावं लागलं. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तशा बाई फोटोतून बघत होत्या.

वडनेऱ्यांनी पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला. "तुम्ही वाचलीत ही पत्रं?"

"नाही. मी फक्त पेटीत टाकायचो."

"हे पहिलं ऐका. 'चित्रपट लांब आहे. नायकाची आई पहिल्या प्रसंगात डाव्या हाताने पोळी लाटते, तिसऱ्यात उजव्या. आमचे हे चाळिसाव्या मिनिटाला झोपले.' हे तिसरं. 'नायिका फार रडते. हे एक तास दहा मिनिटांनी झोपले. प्रगती आहे.' आणि हे पाचवं. 'शेवटची वीस मिनिटं राहिली असताना झोपले. असेच प्रयत्न करत राहा.'"

बावीस वर्षं आपण स्वतःच्याच झोपेची बातमी पोस्टात टाकत होतो, हे धोंडीरामांना आज कळत होतं.

"माझ्यावर पुष्कळ लोक लिहितात," वडनेरे म्हणाले, "पण वेळ कुणी सांगत नाही. एडिटिंगला बसलो की मी विचारायचो, गायधनी इथे झोपतील का? झोपतील असं वाटलं की कापायचो. या वेळी नाही विचारलं. सगळे म्हणत होते, भव्य झालंय. मग तुमचं आठवं पत्र आलं. लेयर्स आहेत म्हणे. बाई असं लिहिणार नाहीत. त्यांना बरं नसावं म्हणून आलो." त्यांनी पत्र पुढे केलं. "शिवाय यात तुम्ही कधी झोपलात ते नाही."

"मी झोपलो नाही."

वडनेऱ्यांचा चेहरा खुलला. "पूर्ण तीन तास?"

"पूर्ण."

"म्हणजे मग चित्रपट तसा..."

"चित्रपटाचं काही नाही," धोंडीराम म्हणाले. "शेजारची खुर्ची रिकामी होती. झोपलो असतो तर उठवलं कुणी असतं?"

वडनेरे त्यांच्याकडे बघत राहिले. मग धोंडीराम कुठे बघतायत ते त्यांनी पाहिलं आणि मागे वळले. फोटो, गजरा.

"कधी?"

"चैत्रात."

"मग हे पत्र कुणाचं?"

"शेजाऱ्याचं, न्हाव्याचं, मुलीचं. थोडं पेपरचं."

"तुमचं काय आहे यात?"

"पत्ता."

खाली हर्षालीताई सेल्फीसाठी रांग लावत असल्याचं ऐकू येत होतं. धोंडीराम म्हणाले, "कळवायला पाहिजे होतं. पण सगळीकडचं नाव कमी करून झालं होतं. तुमच्याकडचं तेवढं राहू दिलं."

"माझ्याकडे राहील," वडनेरे म्हणाले. त्यांनी सातही पत्रं नीट एकावर एक ठेवली आणि आठव्याच्या पाठीमागे लिहायला पेन काढलं. "आता सांगा. बाई शेजारी असत्या, तर झोप कुठे लागली असती?"

धोंडीरामांनी विचार केला. डेपोत बंद पडलेल्या गाडीचा आवाज ऐकताना करायचे तसा, मान जरा तिरकी करून.

"उंट संपावर गेला तिथं पहिली डुलकी," ते म्हणाले. "उंट चांगला होता. त्याला घरी बसवायला नको होतं. सैन्य आलं तेव्हा गोळीबारानं जाग आली असती, पण पाचच मिनिटं. मग परत."

वडनेरे लिहीत होते. "आणि चंद्रावर?"

"चंद्रावर तर तीपण झोपली असती," धोंडीराम म्हणाले. "मग उठवायचं काम माझ्याकडे आलं असतं."